बधिर चट्टा आणि डॅप्सोनची गोळी

प्रस्तावना

कोल्हापूरकडच्या माणसाला गंधक नवा नाही. साखर कारखान्यात उसाच्या रसाचा रंग निघावा म्हणून गंधक जाळून त्याचा वायू रसात सोडतात. शेजारच्या तासगाव-मिरज पट्ट्यातले द्राक्षबागायतदार भुरीवर गंधकाची पावडर धुरळतात. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून काही गुऱ्हाळांवर जी हायड्रॉस टाकली जाते, तीही गंधकाच्याच घराण्यातली. घरात खरूज शिरली की जुन्या बायका खोबरेल तेलात गंधक खलून पोरांच्या अंगाला चोळत, आणि वैद्याच्या कपाटात गंधक रसायनाची बाटली असायचीच. गंधक आणि कातडीचे रोग ही जोडी आपल्याकडे इतकी जुनी आहे की तिच्याविषयी कुणाला वेगळं काही सांगावं लागत नाही.

डॅप्सोनचं मात्र तसं नाही. याच गंधकाभोवती रचलेलं हे संयुग, दिसायला साधी पांढरी गोळी, किंमत नगण्य. तिने महाराष्ट्रातल्या असंख्य माणसांचे हात, पाय आणि डोळे वाचवले, पुष्कळांना आपल्या घरात राहू दिलं. तरीही औषधाच्या दुकानाबाहेर आणि दवाखान्याबाहेर तिचं नाव कुणाला ठाऊक नसतं. कुष्ठरोग म्हटलं की आपल्याला आनंदवन आठवतं, बाबा आमटे आठवतात, आणि आठवायलाच हवेत. पण त्या कामाच्या पाठीशी एक औषधही होतं, याचा उल्लेख आपल्या लेखनात सहसा ओळभरसुद्धा नसतो. पुढच्या पानांतला मजकूर ही उणीव भरून काढण्यासाठी लिहिला आहे. तो वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना, आशाताईंना, औषधविक्रेत्यांना उपयोगी पडेल. मनात मात्र सारखा आहे तो ज्याच्या हातात नुकतंच गोळ्यांचं पाकीट पडलंय असा रुग्ण आणि त्याच्या घरची माणसं.

आधी एक समजूत दूर करायला हवी. डॅप्सोनमध्ये गंधक आहे, पण डॅप्सोन म्हणजे गंधक नव्हे. त्याच्या रेणूच्या मधोमध गंधकाचा एकच अणू असतो, त्याला ऑक्सिजनचे दोन अणू चिकटलेले, आणि दोन्ही अंगांना एकेक बेंझिनचं कडं. खरजेवरचं गंधकाचं मलम कातडीवरच्या किड्याला मारतं. डॅप्सोन पोटातून रक्तात जातं आणि कातडीत, नसांत दडलेल्या जंतूपर्यंत पोहोचतं. त्यामुळे कुष्ठरोगाच्या चट्ट्याला गंधक चोळण्यात काहीही अर्थ नाही. चोळण्यात गेलेले महिने मात्र नसांना महागात पडतात.

हे महिने कसे जातात, ते आमच्या भागातल्या दवाखान्यात बसलं की दिसतं. गुऱ्हाळावर काम करणारा एक गुळव्या आला होता, हाताला झालेली जखम दाखवायला. काहिलीतला रस गूळ होण्याच्या बेताला येतो तेव्हा तो उकळत्या पाण्यापेक्षाही बराच गरम असतो. अशा रसाचा शिंतोडा उडून करंगळीच्या बाजूला मोठा फोड आला होता, तो फुटला होता, चिघळला होता. भाजलं कधी, असं विचारल्यावर त्याला सांगता येईना. बायकोनं जेवायला वाढताना पाहिलं तेव्हा कळलं, म्हणाला. हात उताणा करून पाहिला तर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट किंचित आत वळलेलं. कोपराच्या मागच्या खोबणीत बोट फिरवलं की जी नस सुतळीएवढी लागायला हवी, ती दोरीसारखी जाड लागत होती. दंडावर फिक्कट तांबूस चट्टा होता, दोन-तीन वर्षांचा. खाज नाही, दुखत नाही, म्हणून कुणी विचारलं नव्हतं. त्याला डोळे मिटायला सांगितले आणि कापसाची वात चट्ट्याच्या बाहेर टेकवली. त्याने बरोबर जागा दाखवली. वात चट्ट्यावर टेकवली तेव्हा तो नुसता थांबून राहिला, पुढच्या स्पर्शाची वाट बघत.

कुष्ठरोगाचं निदान बहुतेक वेळा एवढ्यावरच होतं. एक चट्टा, ज्यावरची संवेदना गेली आहे. त्यासाठी मोठं यंत्र लागत नाही, कापूस आणि थोडी सवड लागते. आमच्याकडच्या ओतकामाच्या कारखान्यांत, उसाच्या फडात, चुलीपुढे, अशा कितीतरी जागा आहेत जिथे बधिर हात लगेच भाजतो, कापतो, सोलतो आणि माणसाला पत्ता लागत नाही. बोटं झडतात ती रोगाने झडतात, असं लोक समजतात. खरं तर जंतू नस निकामी करतो. पुढची झीज न कळलेल्या जखमांनी आणि त्यांत होणाऱ्या पुवाने होते.

या रोगाचा जंतू 1873 साली नॉर्वेतल्या बर्गनमध्ये गेरहार्ड हॅन्सन यांना दिसला. त्याच सुमारास मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड कुष्ठरुग्णांवर कडू कवठीच्या बियांच्या तेलाचे प्रयोग करत होते. कडू कवठ हे आपल्या सह्याद्रीतलंच झाड, चालमोगरा म्हणून ज्याचा बोलबाला होता त्याचं भावंड. भाऊ दाजी 1874 साली वारले आणि त्यांचं ते काम अर्धवट राहिलं. पुढची सत्तर वर्षं जगभर याच जातीच्या तेलांवर भरवसा होता. पिऊन ओकारी येई, म्हणून तेलाची इंजेक्शनं निघाली. ती अतिशय दुखत, गाठी होत, आणि एवढं सोसून गुण येईलच याची खात्री नसे. मुंबईत वडाळ्याचं अ‍ॅकवर्थ रुग्णालय 1890 साली उभं राहिलं ते या काळात. मिरजेतल्या मिशनच्या कुष्ठरुग्णालयाची सुरुवातही याच तेलाच्या जमान्यातली. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी 1936 साली कुष्ठधाम सुरू केलं आणि सेवाग्रामात गांधीजी कुष्ठरोग झालेल्या परचुरेशास्त्रींच्या अंगाला स्वतः मालिश करत, तेव्हाही रोग मुळातून बरा करणारं औषध कुणाच्याही हाती नव्हतं. सेवा होती, माया होती, स्वच्छता होती. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण ज्यांनी त्या काळात हे काम अंगावर घेतलं त्यांचं धैर्य औषध आल्यानंतरच्या आपल्यासारख्यांना नीट उमजत नाही.

गंमत म्हणजे औषध तेव्हा जन्मलेलं होतं. 1908 साली जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये एमिल फ्रॉम आणि याकोब विटमन या रसायनशास्त्रज्ञांनी ते तयार केलं होतं. त्यांना औषध शोधायचंच नव्हतं. गंधकाच्या संयुगांचा अभ्यास करताना हा एक पदार्थ हाती आला आणि नोंद होऊन बाजूला पडला. 1930 नंतरच्या दशकात सल्फा औषधांचा बोलबाला झाला तेव्हा लंडन आणि पॅरिसमधल्या संशोधकांनी जुन्या नोंदी चाळून 1937 साली ते उंदरांवर तपासलं. जंतूंवर ते सल्फापेक्षा कितीतरी पट जहाल निघालं, आणि माणसांना सल्फाच्याच मापाने देऊन पाहिल्यावर तेवढंच विषारीही. रक्तपेशी फुटू लागल्या. पुन्हा ते बाजूला पडलं.

मग 1941 साली अमेरिकेत लुइझियानामधल्या कारव्हिल इथे गाय फॅजेट यांनी त्याचंच एक सौम्य रूप, प्रोमिन, कुष्ठरुग्णांना शिरेतून द्यायला सुरुवात केली. वर्षानुवर्षं चिघळलेल्या जखमा भरू लागल्या, चेहऱ्यावरच्या गाठी बसू लागल्या. पण शिरेतून रोज इंजेक्शन देणं हे कारव्हिलसारख्या सुसज्ज रुग्णालयाला जमणारं होतं. आपल्या खेड्यांना ते परवडणारं नव्हतं.

इथून पुढचा भाग भारतात घडला आणि तो मला या सगळ्या कहाणीत सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चेन्नईजवळच्या चेंगलपट्टूमध्ये डॉ. रॉबर्ट कॉक्रेन कुष्ठरुग्णालय चालवत होते. तिकडे ब्रिटनमध्ये हे मूळ रसायन गाईंच्या कासदाहावर, म्हणजे आपल्याकडचे दूधवाले ज्याला ‘दगडी’ म्हणतात त्या रोगावर, वापरून पाहिलं गेलं होतं आणि जनावरांना ते सोसलं होतं. कॉक्रेन यांनी 1946 साली महागडी रूपं बाजूला ठेवून हेच मूळ रसायन शेंगदाण्याच्या तेलात कालवून इंजेक्शनने द्यायला सुरुवात केली. पाठोपाठ नायजेरियात डॉ. जॉन लो यांनी दाखवून दिलं की इंजेक्शनचीही गरज नाही. तोंडाने घेतलेली छोटी मात्रा पुरते. पूर्वी जे विष ठरलं होतं ते केवळ माप चुकल्यामुळे. कुष्ठरोगाचा जंतू अतिशय मंदगती आहे, एकाचे दोन व्हायला त्याला बारा-तेरा दिवस लागतात. त्याला रोखायला थोडं औषध पुरतं, पण ते दीर्घकाळ द्यावं लागतं. ही गोळी शरीरातून सावकाश बाहेर पडते, म्हणून दिवसातून एकदा घेतली की भागतं. प्रौढ माणसाला रोज 100 मिलिग्रॅम.

ती काम कशी करते, तेही थोडक्यात सांगायला हवं. जंतूला जगायला फोलिक आम्ल लागतं आणि ते त्याला स्वतःच तयार करावं लागतं. आपल्याला ते भाजीपाल्यातून आयतं मिळतं. ते बनवण्यासाठी जंतू जो कच्चा माल घेतो, त्याच्यासारखाच डॅप्सोनचा रेणू दिसतो. कुलपात मिळतीजुळती किल्ली जावी, पण फिरू नये आणि खरी किल्लीही आत जाऊ देऊ नये, तसं तो त्या जागी अडकून बसतो. जंतूची वाढ थांबते. माणसाच्या पेशी या वाटेने जात नसल्यामुळे त्या सुटतात.

आता सालं एकमेकांशेजारी मांडून पाहा. 1946 चेंगलपट्टू. 1949 साली लो यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी वरोऱ्याला बाबा आमट्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली, कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन ते कुष्ठरोगाचं शिक्षण घेऊन आले, आणि 1951 साली विनोबांच्या उपस्थितीत आनंदवन सुरू झालं. दत्तपूर आणि आनंदवन यांच्यामध्ये पंधरा वर्षं आहेत, पण त्या पंधरा वर्षांत रोगाचं स्वरूपच पालटलं होतं. आनंदवनातला माणूस बरा होत होता. तो विहीर खणू शकत होता, शेती करू शकत होता, माग चालवू शकत होता. दान नको, काम हवं, हा बाबांचा आग्रह प्रत्यक्षात उतरला त्यामागे बाबांची जिद्द तर होतीच, पण ज्यांच्या भरवशावर त्यांनी तो धरला त्या हातांमधला रोग आता थांबत होता, हेही होतं. माझ्या मते महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात ही जोड नीट नोंदवली गेलेली नाही.

1951 सालीच वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग निवारण प्रतिष्ठान सुरू झालं. डॉ. र. वि. वर्देकर यांनी तिथे घालून दिलेली पद्धत पुढे देशाने उचलली. घरोघर जाऊन पाहणी करायची, लोकांना समजावून सांगायचं आणि रुग्णाला त्याच्या गावातच औषध द्यायचं. रुग्णाला उचलून वेशीबाहेर नेण्याची गरजच उरली नाही, कारण औषध खिशात मावत होतं आणि घ्यायला डॉक्टर लागत नव्हता. 1955 साली सुरू झालेला राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम याच पायावर उभा होता. सायकलवरून वाड्यावस्त्यांवर फिरणारे ते कुष्ठरोग तंत्रज्ञ आमच्या भागातल्या जुन्या लोकांना अजून आठवतात.

गोळीवरचा हा विश्वास नंतर अंगाशीही आला. एकट्या डॅप्सोनवर वर्षानुवर्षं, काहींना तर जन्मभर राहावं लागे. चट्टा फिका पडला की माणूस गोळी सोडायचा, पुन्हा उठला की धरायचा. अशा धरसोडीत जंतू शिकला. 1964 साली मलेशियातल्या रुग्णांत डॅप्सोनला दाद न देणारा जंतू सिद्ध झाला आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत अशा बातम्या अनेक देशांतून येऊ लागल्या. 1981 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी बहुविध औषधोपचार सुचवला. डॅप्सोनच्या जोडीला रिफॅम्पिसिन आणि क्लोफाझिमिन. एका औषधाला चुकवणारा जंतू दुसऱ्याच्या तावडीत सापडतो. वर्धा हा ही पद्धत देशात सर्वांत आधी राबवलेल्या जिल्ह्यांपैकी एक. उपचार जन्मभराचा होता, तो रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांवर आला. 1995 पासून ही औषधं जगभर फुकट मिळतात.

आज रुग्णाच्या हातात पडतं ते चार आठवड्यांचं पाकीट. पहिल्या दिवसाच्या गोळ्या वेगळ्या कप्प्यात असतात, त्या आरोग्य कर्मचाऱ्यासमोर घ्यायच्या. त्यातल्या रिफॅम्पिसिनने लघवी लाल होते. हे आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरून पाकीटच फेकून देतो. बाकीच्या 27 दिवसांच्या रोजच्या कप्प्यात एक पांढरी गोळी, ती डॅप्सोन. शेजारी तपकिरी क्लोफाझिमिनही असते आणि तिने कातडी काळपट पडते. लग्नाच्या वयाच्या मुलींना याचा फार त्रास होतो, शेजारीपाजारी विचारू लागतात. उपचार संपल्यावर हा रंग काही महिन्यांत उतरत जातो, हे त्यांना पहिल्याच दिवशी ठणकावून सांगायला हवं. आमच्याकडून ते नेहमी सांगितलं जात नाही.

डॅप्सोनही निरुपद्रवी नाही. जवळजवळ प्रत्येकाचं हिमोग्लोबिन ती थोडं उतरवते. ज्यांच्या रक्तपेशींत जी-सिक्स-पीडी हे विकर जन्मतः कमी असतं त्यांचं झपाट्याने उतरतं. कुणाचे ओठ निळसर दिसू लागतात. सर्वांत जपायचं ते पहिल्या दोन महिन्यांत. ताप, अंगभर पुरळ, मानेत गाठी, डोळे पिवळे, असं काही दिसलं तर गोळी त्याच दिवशी थांबवून दवाखाना गाठायचा. हा प्रकार क्वचित होतो, पण अंगावर काढला तर जीव जाऊ शकतो. पूर्वी सल्फाच्या औषधाने अंगावर उठलं असेल तर तेही डॉक्टरांना आधी सांगावं.

कुष्ठरोगाच्या बाहेरही या गोळीला मान आहे. अंगावर पाण्याचे फोड येणारे काही रोग, लहान मुलांच्या जांघेत आणि पोटावर मण्यांच्या माळेसारखे फोड उठवणारा एक विकार, चिवट मुरुमं, काही प्रकारचे व्रण, या सगळ्यांत ती वापरली जाते. इथे ती जंतूला मारायला दिलेली नसते. कातडीत घुसून दाह करणाऱ्या पांढऱ्या पेशींना ती आवरते. त्यामुळे एखाद्या घरात डॅप्सोन दिसली म्हणजे कुष्ठरोगच असेल, असा तर्क कुणी करू नये.

कोल्हापूरच्या दक्षिणेला शेंडा पार्कात कुष्ठधाम आहे. गावापासून दूर हवं म्हणून निवडलेल्या त्या माळापर्यंत आता शहर पोहोचलंय, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या इमारती त्याच परिसरात उभ्या राहिल्या आहेत. तिथल्या विद्यार्थ्यांनी या दोन्ही वास्तूंमधलं अंतर चालत पार करावं, असं मला फार वाटतं. 2005 च्या अखेरीस देशात दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण उरले म्हणून निर्मूलनाची घोषणा झाली आणि त्यानंतर हा रोग अभ्यासक्रमात आणि लोकांच्या बोलण्यात मागे पडला. प्रत्यक्षात भारतात अजून दरवर्षी एक लाखाच्या वर नवे रुग्ण सापडतात, जगातल्या निम्म्याहून जास्त. जंतू अंगात शिरल्यापासून चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीसही. आज दिसणारा चट्टा पुष्कळ आधीचा असतो.

आमच्या जिल्ह्याची एक खास अडचण आहे. गाळप हंगाम सुरू झाला की बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोड मजूर येतात, पालं टाकतात, हंगाम संपला की जातात. उपचार इथे सुरू झाला तर तो तिकडे तुटतो आणि तिकडे सुरू झालेला इथे. अशा रुग्णाला पुढच्या महिन्यांची पाकिटं एकदम बरोबर देण्याची सोय आहे, पण ती मागावी लागते, आणि मुकादमापुढे, टोळीपुढे हा रोग उघड करायची त्याची तयारी नसते. कायद्याने बरंच केलंय. 1898 चा कुष्ठरुग्णांना डांबून ठेवणारा कायदा 2016 साली रद्द झाला आणि घटस्फोटाचं कारण म्हणून असलेला कुष्ठरोगाचा उल्लेख 2019 साली काढला गेला. टोळीतल्या माणसाला मात्र अजून हे सांगायला कुणी जात नाही की पहिल्या काही मात्रांनंतरच त्याच्यापासून इतरांना लागण होणं थांबतं.

आणि एक गोष्ट गोळीच्या हातात नाही. मेलेली नस ती परत आणू शकत नाही. त्या गुळव्याचा जंतू मेला, चट्टा फिका पडला, पण करंगळी आणि शेजारच्या बोटाला जाण पुरती परत आली नाही. आता तो हातमोजा घालून काम करतो आणि रोज रात्री दिव्याखाली हात तपासतो. दोन वर्षं आधी आला असता तर याची गरज पडली नसती.

म्हणून वाचकाला विनंती आहे. पुढची पानं सवडीने वाचा, पण आजच घरातल्या सगळ्यांची पाठ, दंड, मांड्या उजेडात बघा. फिक्कट किंवा तांबूस, न खाजणारा चट्टा दिसला तर डोळे मिटायला सांगून कापूस टेकवून पाहा. कळत नसेल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा कोल्हापुरातल्या सीपीआर रुग्णालयात जा. तपासणी आणि औषध दोन्ही फुकट आहे. पाकीट मिळालं तर शेवटच्या गोळीपर्यंत संपवा. उपचार चालू असताना किंवा संपल्यावर चट्टे एकदम लाल होऊन सुजले, नस ठणकू लागली, हातापायातली ताकद गेली तर तीही रोगाचीच एक अवस्था आहे, तिच्यावर वेगळं औषध आहे. डॅप्सोन मनाने बंद न करता त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.